चार बोटे पाणी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे आणि गेले तेवीस दिवस एका माळावर पालथी पडले आहे. पोट वर, तोंड खाली, आणि डोक्यावर दिवसभर ऊन. एरवी मला याची लाज वाटली असती. आता लाज वाटायलाही सवड नाही, कारण मला घाई झाली आहे. सकाळपासून माझ्या फळ्या कुठे ना कुठे ‘टक्’ करून वाजतात. प्रत्येक वेळी मी दचकते आणि दिवस मोजते. अजून सात राहिले. या सात दिवसांत पाऊस येऊ नये, कोणाला माझी दया येऊ नये आणि कोणी मला पाण्यात ढकलू नये, एवढेच माझे मागणे आहे.

तुम्ही म्हणाल, होडी असून पाणी नको म्हणते, हिचे डोके फिरले की काय! थोडे फिरलेही असेल. पण जे झाले ते पहिल्यापासून ऐका. मी मध्येच गप्प झाले, तर कोणीतरी मला हलवायला आले आहे असे समजा.

माझा जन्म तळ्याकाठच्या एका छपरीत झाला. सुतार म्हातारा होता आणि भारी चिकित्सक. प्रत्येक फळीवर बोटाने टिचकी मारायचा, कान लावायचा आणि मान हलवली तरच ती फळी घ्यायचा. माझ्या सांध्यांत त्याने सुताच्या वाती ठोकून बसवल्या, वरून डांबर चोपडले आणि बुडाला एक भोक ठेवून त्यात लाकडी बूच मारले. ज्याच्यासाठी मला बनवले, तो नावाडी तेव्हा नुकताच संसाराला लागलेला तरुण होता. माझा दोर त्याच्या हातात देताना सुतार म्हणाला, “एक लक्षात ठेव बाबा. हिला कोरडी पडू देऊ नकोस. लाकूड तहानलं की तडकतं.”

नावाड्याने ते शब्द काळजावर कोरून ठेवले. डागडुजीसाठी मला काठावर ओढायचे झाले, तरी तो माझ्या बुडाशी चार बोटे पाणी राखायचा आणि कडांवर ओली पोती पांघरायचा. दुपारी पोती सुकली की पुन्हा बादली घेऊन हजर. बाकीचे नावाडी त्याची टिंगल करत. त्याची बायको तर तोंडावर म्हणायची, “घरी आल्यावर मला नाही कधी पाणी विचारलंत. या होडीला मात्र दिवसातून चारदा!” तो हसायचा आणि बादली भरायला जायचा. खोटे कशाला सांगू, माझे पोट तेव्हा अभिमानाने फुगायचे. काठावरच्या कितीतरी होड्या उन्हाने उलल्या आणि चुलीत गेल्या, माझ्यात मात्र एक थेंब झिरपत नव्हता.

मी कामालाही वाघीण होते. पहाटे जाळी, दिवसभर पैलतीराची ये-जा. मी डॉक्टरांना नेले, शिक्षकांना नेले, एकदा एक शिलाई मशीन नेले आणि एकदा अशी एक शेळी नेली, जिने वाटेत नावाड्याची टोपी खाल्ली. नावाड्याची लेक चालायला शिकली ती माझ्या फळ्या धरून. जाळ्याच्या ढिगावर ती बिनघोर झोपायची आणि मी हळू डुलायचे. पुढे ती शिकली आणि तळ्याकाठच्या पंपघरात फिटर म्हणून लागली. तळ्याचे पाणी शहराला पोहोचवणारे मोठमोठे पाइप ती खोलते आणि जोडते. पहिल्या दिवशी ती निळा डगला घालून माझ्यात बसली, तेव्हा नावाड्याने वल्ह्याचे पाणी तिच्यावर उडू दिले नाही.

सगळे असेच चालले असते तर मी आज तुमच्याशी बोलत नसते.

दूरच्या एका मोठ्या धरणाचे दरवाजे रंगवायचे होते. रंगाऱ्यांना पाण्यातून ने-आण करायला होड्या हव्या होत्या. आमच्या काठावरून नावाडी एकटाच तयार झाला. आम्ही टेम्पोने गेलो आणि तिथे तीन आठवडे राहिलो. त्या धरणाच्या भिंती मला पहिल्या दिवसापासून आवडल्या नाहीत. पाण्याखाली त्यांच्यावर बारीक पट्टेदार शिंपल्यांचा थर होता, नखाएवढ्या शिंपल्या, एकीवर एक, तिच्यावर आणखी एक. त्या तिथल्याही नव्हत्या. कुठल्या तरी परमुलखातून कशाला तरी चिकटून आल्या होत्या. रंगारी त्यांना ‘चिकट्या’ म्हणत आणि शिव्या देत. आठवड्याभरात माझ्या पोटाला खाज सुटली.

निघायच्या दिवशी नावाड्याने मला बाहेरून खरवडून लख्ख केले. तो पहिल्यापासून टापटिपीचा. मग मला टेम्पोत चढवले आणि बुडाशी पाणी राखले. चार बोटे, त्या धरणाचेच. वरून ओली पोती. दिवसभराचा रस्ता होता आणि ऊन मी म्हणत होते. नावाडी दर तासाला टेम्पो थांबवून मागे येऊन बघायचा, की मी कोरडी तर पडले नाही ना.

त्या चार बोटे पाण्यात डोळ्यांना न दिसणारी चिकट्यांची हजारो पिल्ले होती. आणि उभे राहायला आत अंथरलेल्या माझ्या तळाच्या सुट्या फळ्यांखाली, जिथे खरवडणी पोहोचत नाही, तिथे तांदळाच्या दाण्याएवढ्या काही शिंपल्या घट्ट बसल्या होत्या. मला त्या टोचत होत्या. पण माझ्या तोंडाला शब्द कुठला? घरी पोहोचताच नावाड्याने मला आमच्या तळ्यात ढकलले, डबा घेतला आणि ते प्रवासातले शिळे पाणी उपसून तळ्यातच ओतले. एक डबा, दोन डबे, तीन डबे. “दमलीस का गं?” असे म्हणत त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

ती थाप मला अजून आठवते आणि आठवली की माझे खिळे ढिले होतात.

पहिली दोन वर्षे काही झाले नाही. उलट, सगळे खूश होते. तळ्याचे पाणी दिवसेंदिवस निवळत गेले. पूर्वी हातभर खालचे दिसायचे नाही, आता दोन पुरुष खोल पडलेली घागर दिसू लागली. लोक सहलीला येऊन फोटो काढू लागले. नावाडी प्रत्येक उतारूला खाली वाकून बघायला लावायचा आणि म्हणायचा, “बघा, आमच्या तळ्याला दृष्ट लागेल अशानं!”

पण मित्रांनो, ते पाणी स्वच्छ नव्हते, ते उपाशी होते. चिकट्या दिवसरात्र पाणी ओढतात आणि त्यातला हिरवा बारीक कस खाऊन उरलेले पाणी सोडून देतात. तो कस म्हणजे माशांच्या पिल्लांचा घास होता. पिल्ले उपाशी मेली, मग मोठे मासे कमी झाले. आमच्या तळ्यात तळहाताएवढ्या काळ्या शिंपल्या होत्या, माझ्याहून जुन्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात. चिकट्यांनी त्यांच्या पाठीवर अशी गर्दी केली, की त्यांना तोंड उघडता येईना. मी वरून जाताना त्या मेलेल्या शिंपल्या उघड्या पडलेल्या दिसायच्या. पाणी निवळल्यामुळे अगदी नीट दिसायच्या.

मग पंपघराचे पाइप तुंबू लागले. नावाड्याची लेक संध्याकाळी घरी जाताना माझ्या काठावर टेकायची, तेव्हा तिच्या हातांवर ओरखडे असायचे. उथळ पाण्यात पाय टाकला की टाचा कापायच्या. काठावर मेलेल्या चिकट्यांचा खच पडला आणि त्याचा वास घराघरांत शिरला. नावाडी सकाळी जाळे ओढायचा, ते रिकामे बघायचा आणि पुन्हा टाकायचा.

आता शोध सुरू झाला, की हे संकट आणले कोणी? कोणी सहलीला येणाऱ्यांवर घसरले, कोणी बदकांवर. आमच्या नावाड्याचा आवाज सगळ्यात मोठा. “ज्यानं आणलं ना, तो मला एकदा दिसू दे!” असे तो माझ्यातच उभा राहून ओरडायचा. त्याचे पाय नेमके त्या फळ्यांवर असायचे. माझी काय अवस्था होत असेल, तुम्हीच सांगा!

एक दिवस पाणी तपासणाऱ्या एक बाई आल्या. त्यांच्या पिशवीत बाटल्याच बाटल्या, म्हणून काठावर त्यांचे नाव पडले बाटलीबाई. वही उघडून त्यांनी एकेका नावाड्याला विचारले. आमच्या नावाड्याची पाळी आली.

“काका, इथे बाहेरून एखादी होडी आली होती का? चार-पाच वर्षांत?”

“छे! इथे सगळ्या इथल्याच होड्या.”

“नक्की?”

“अहो बाई, मी जन्मापासून इथं आहे. बाहेरची होडी आली असती तर मला कळलं नसतं?”

मित्रांनो, तो खोटे बोलला नाही. त्याच्या लेखी बाहेरची होडी म्हणजे परक्याची होडी. मी तर घरची होते. घरातले माणूस चार दिवस परगावी जाऊन आले, तर त्याला कोणी पाहुणा म्हणते का? मी मात्र तळमळून धक्क्यावर आपटले. एकदा, दोनदा, तीनदा. “आज हिला काय झालंय कोण जाणे,” असे म्हणून त्याने दोर आखडून बांधला. बाईंनी वहीत ‘नाही’ लिहिले.

जाताना बाईंनी धक्क्यावर एक पाटी लावली. होडी दुसऱ्या पाण्यात न्यायची असेल तर घासा, सगळे पाणी ओता आणि महिनाभर उन्हात वाळवा, असे तिच्यावर लिहिले होते. नावाड्याने ती पाटी मोठ्याने वाचली आणि म्हणाला, “लाकडाची होडी महिनाभर वाळवायची? लिहिणाऱ्यानं जन्मात होडी बघितली नसावी.”

या वर्षी त्याने निर्णय घेतला. वरच्या डोंगराजवळ दुसरे एक तळे आहे. तिथे त्याची बहीण राहते. तिचा निरोप आला, की इथे अजून मासा भरपूर आहे, तू होडी घेऊन ये. नावाड्याने टेम्पो ठरवला. लेकीनेही सुटी घेतली. सुटीच्या दिवशी सकाळी चौघांनी मला ओढून टेम्पोजवळ आणले, आणि नावाड्याने नेहमीसारखे माझ्या बुडाशी राखले चार बोटे पाणी.

वरचे तळे मी कधी पाहिले नव्हते. पण मला सारखी तिथली माशांची लहान पिल्ले दिसू लागली, आणि त्या तळहाताएवढ्या काळ्या शिंपल्याही. तिथेही असतीलच. बूच आपोआप निघावे म्हणून मी अंग ताणून पाहिले. सुताराने ते फार चांगले बसवले होते.

“बाबा, ही तळाची फळी हलतेय. वाटेत निसटेल,” लेक म्हणाली आणि तिने फळी नीट बसवायला खाली हात घातला. लगेच “आई गं!” म्हणून तिने तो बाहेर काढला. बोट कापले होते. तिने फळी उचलून उलटी केली.

“काय झालं?”

“इकडे या आणि बघा.”

नावाडी वाकला. फळीच्या खालच्या अंगाला, बरगड्यांच्या कोपऱ्यांत, सांध्यांत, सगळीकडे चिकट्या बसल्या होत्या. ओल्या, जिवंत.

“तळ्यातल्याच असणार,” तो म्हणाला. “सगळ्याच होड्यांना आहेत.”

“सगळ्यांना बाहेरून आहेत, बाबा. आतून कोणाच्या होडीत पाहिल्यात? बाकीचे लोक आतून कोरडी ठेवतात.” ती रुमाल बोटाला गुंडाळत होती. मग तिचा हात थांबला. “धरणावरून आणलीत तेव्हाही पाणी ठेवलं होतं?”

“ठेवणारच. दिवसभराचा रस्ता होता.”

“धरणाचंच?”

मी त्याला चाळीस वर्षे ओळखते. वाऱ्यात सापडला तरी न डगमगणारा हा माणूस, पण त्याने आधारासाठी माझी कड धरली.

“मी खरवडली होती गं,” तो म्हणाला. “चांगली घासून घेतली होती.”

“बाहेरून.”

“आणि ते पाणी... मी इथेच उपसलं.” त्याने धक्क्याकडे बोट दाखवले. “त्या तिथे.”

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. लेकीने त्याला हाताने थांबवले. नावाडी फळीखालची एक चिकटी नखाने उचकटून बघत होता. मला वाटले, आता हा म्हणेल, एवढ्याशा पाण्याने काय होते, चला चढवा. त्याने तसे म्हटले असते तरी कोणाला कळले नसते. ओढायला आलेले परतले होते, टेम्पोवाला पुढे बसला होता. ऐकणारे आम्ही तिघेच होतो, आणि त्यातल्या एकीला बोलता येत नाही.

“महिनाभर वाळवली तर ही वाचेल का?” लेकीने हळूच विचारले.

“नाही,” तो म्हणाला. “या वयात नाही वाचायची.” मग तो टेम्पोवाल्याला म्हणाला, “वर नको, पंपघरामागच्या माळावर चल. तळ्यापासून लांब, चढावर.”

माळावर लेकीने खड्डा खणला. नावाड्याने बुचाला हात घातला. चाळीस वर्षांत ते बूच कोरड्या जमिनीवर कधी निघाले नव्हते. त्याला तीन झटके द्यावे लागले. पाणी खड्ड्यात गेले, मातीने पिऊन टाकले. मग दोघांनी माझी आतली प्रत्येक फळी बाहेर काढून घासली आणि मला पालथी घातली. जाताना त्याचा हात पोत्यांकडे गेला. लेकीने ती आधीच उचलून काखेत मारली होती.

तर मित्रांनो, हे असे आहे. तेवीस दिवस झाले. पावले वाजताहेत. कोणीतरी येते आहे, जरा गप्प बसते.

सात दिवस गेले. घाबरू नका, मी आहे. त्या दिवशी नावाडीच आला होता. बादली घेऊन आला होता, सवयीने. माझ्याजवळ येऊन त्याने बादली उचलली आणि मग तशीच खाली ठेवली. तो माझ्या सावलीला बसला आणि परत जाताना भरली बादली घेऊन गेला. त्यानंतरही तो रोज आला. रोज भरली बादली आणायचा आणि रोज भरलेलीच परत न्यायचा.

आज तिसावा दिवस. बाटलीबाई मला तपासायला आल्या होत्या. बाकीचे नावाडीही जमले होते. त्यांनी मला कुशीवर कलती केली, तेव्हा माझ्या तळातून आरपार आभाळ दिसले. मधल्या कण्याच्या बाजूने मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उलले आहे. बाईंनी सांध्यात चिमटा घातला. चिकट्या भुग्यासारख्या गळाल्या.

“सगळ्या मेल्या,” बाई म्हणाल्या. “काका, होडीचं मात्र वाईट वाटतं.”

“बाई, तुमची ती जुनी वही आहे का?” नावाड्याने विचारले. “मागं तुम्ही मला एक विचारलं होतं. माझं उत्तर चुकलं होतं.”

बाईंनी वही काढली. जमलेले सगळे बघायला लागले. लेकीने त्याच्या दंडाला हात लावला, पण तो थांबला नाही.

“बाहेरून होडी आली होती. ही.” त्याने माझ्या फुटक्या अंगावर हात ठेवला. “मीच आणली. ओली ठेवून आणली. लिहा.”

एक जण तोंड फिरवून निघून गेला. त्याच्या टाचा मी पाहिल्या आहेत, कापलेल्या. मग मागून एक म्हातारा नावाडी पुढे आला आणि म्हणाला, “माझी होडी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तळ्यावर न्यायची होती. आता आधी वाळवतो.” त्याच्यामागून आणखी एकाने विचारले, बूच नेमके कुठे काढायचे. नावाडी त्यांना दाखवायला खड्ड्याकडे घेऊन गेला.

आमचे तळे परत पहिल्यासारखे होईल की नाही, हे बाईंनाही सांगता आले नाही. वरचे तळे अजून तसेच आहे. उद्या नावाडी तिथे एसटीने जाणार आहे, बहिणीच्या होडीवर काम करायला. त्याचे वल्हे, त्याचे जाळे आणि त्याच्या चपलासुद्धा माझ्या शेजारी उन्हात पडल्या आहेत.

मित्रांनो, तुमच्याकडे होडी नसेल. पण मासा असलेली काचेची पेटी असेल, कुंडीतले परमुलखातले रोप असेल, सहलीत ओढ्यातून आणलेले काहीतरी असेल. ते नकोसे झाले की तुम्हाला त्याची दया येईल आणि तुम्ही ते जवळच्या पाण्यात सोडायला निघाल. त्या वेळी माझी आठवण ठेवा. ज्याने आमच्या तळ्याची वाट लावली तो वाईट नव्हता. त्याचे माझ्यावर जिवापाड प्रेम होते. म्हणून हाताने आणलेले पाणी, बुडाशी उरलेले असो वा बादलीत राखलेले, दुसऱ्या पाण्यात ओतण्याआधी थांबा आणि ते कुठून आले ते स्वतःला विचारा.

आता ऊन उतरते आहे. खालून पावले वाजताहेत, आणि सोबत बादलीचा आवाज. उद्या तो जाणार, म्हणून आज तो चुकून दया करेल अशी मला धास्ती वाटते. पुढच्या कोपऱ्यात अजून थोडी ओल आहे, चिमटा तिथवर पोहोचला नव्हता. तिथे एखादी चिकटी जिवंत असेल.

मला फार तहान लागली आहे. तरी मला पाणी देऊ नका.